धन्यवाद परत मागणारे आतोबा

आपल्या राज्यात मंत्री येतात, जातात, खाती बदलतात, कधीकधी पक्षही बदलतात. पण खरा विरोधी पक्षनेता इतकी वर्षं एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं. ग्रामपंचायतीला एकदा उभे राहिले होते, तेव्हा पडलेल्या मतांत आत्याचं मत होतं की नाही यावर घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. जुन्नर तालुक्यात, राजुरीच्या जरा अलीकडे, दोन एकर कांदा, एक एकर ऊस आणि एक गोठा, एवढाच त्यांचा मतदारसंघ. पण सरकारने काय कबूल केलं, त्यावर किती खर्च केल्याचं सांगितलं आणि प्रत्यक्ष जमिनीवर काय उभं राहिलं, हे मंत्र्याला तोंडावर विचारायचा हक्क आपल्याला जन्मापासून आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. ही समजूत राज्यघटनेच्या इतकी जवळ जायची की तिला वेड म्हणणं अवघड होतं. आम्ही तरीही म्हणायचो. मी त्यांना आतोबा म्हणायचो, माझं ऐकून अर्धं गाव त्यांना आतोबाच म्हणायला लागलं. वैशाखात ते गेले. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे, पण मी तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं लावणारा माणूस. दुसऱ्यांनी लिहिलेलं हाताळायची सवय, स्वतः लिहायला फार वेळ लागतो.

मंत्र्यांच्या हस्ते भूमिपूजन म्हणजे आतोबांचा सण. पत्रिका असो नसो, मंडपवाल्याच्याही आधी ते तिथे हजर. खांब धरून द्यायचे, खुर्च्या पुसायचे, ज्या दगडावर नारळ फुटणार तो स्वतः धुऊन ठेवायचे. मंत्रीसाहेब तीन तास उशिरा यायचे, कुदळ मारल्यासारखी करायचे, फोटो निघायचे, नारळ फुटायचा. आणि प्रसादासाठी कुणी सुरी काढायच्या आत आतोबांचा हात नारळावर पडलेला असायचा. दोन वाट्यांतली त्यांना हवी असायची ती डोळे असलेली. खोबरं काढून लोकांना वाटायचं आणि करवंटी उपरण्यात गुंडाळून घरी न्यायची. एकदा नवा सरपंच कानाशी येऊन म्हणाला, "आतोबा, राव, पावण्यांसमोर करवंटी काय गोळा करता? बरं दिसत न्हाई." आतोबांना हळू बोलणं जमत नसे. मंत्र्यांच्या देखत म्हणाले, "ह्यो साक्षीदार हाय. साहेबांनी काय कबूल केलं ते ह्यानं तीन डोळ्यांनी बघितलंय. आपल्याला दोनच हायेत, आन ते बी फोटू काढताना मिटतेत."

त्यांचं घराणं मूळचं मेंढरं राखणारं. आतोबा शेतीत स्थिरावले. धाकटा भाऊ अजून कळप घेऊन आठ महिने बाहेर असतो. पण मेंढपाळाची नजर आतोबांच्या डोळ्यांतून काही गेली नव्हती. मेंढरांच्या पाठीवर ओळखीसाठी गेरू ओढतात, तसा ते करवंट्यांवर ओढायचे. रस्त्याला एक पट्टा, पाण्याच्या योजनेला दोन, शाळेच्या खोलीला ठिपका. गोठ्याच्या आढ्याला सुतळीत ओवलेल्या त्या करवंट्या वाऱ्यावर एकमेकींवर आपटायच्या, तेव्हा आत्या म्हणायची, "बसलं बगा अधिवेशन." मेंढराचं वय दात बघून सांगतात, तसं आतोबा आश्वासनाचं वय सांगायचे. नुकतंच दिलेलं ते दुधाच्या दातांचं. मग दोनदाती, मग चारदाती, आणि सगळे दात येऊन गेले की 'जुळलेलं'. एखादा कार्यकर्ता ऐटीत म्हणाला की आतोबा, ते काम प्रस्तावित आहे, तर आतोबा लगेच, "जबडा उघड तुझ्या प्रस्तावाचा. बघू दे." पलीकडे आंबेगाव तालुक्यात त्यांच्या बहिणीच्या गावी एका बंधाऱ्याचा नारळ फार पूर्वी फुटला होता. त्याच्या करवंटीकडे बघून ते मान हलवायचे. "ह्याचं दात पडाया लागलेत. आता ह्याच्यापुढं चारा टाकून उपेग न्हाई."

काम पुरं झालं की ती करवंटी सुतळीतून काढायची आणि अंघोळीच्या बंबात घालायची, असा नियम. आतोबा कढत पाण्याने अंघोळ करायचे ते फक्त त्याच दिवशी. बाकी बारा महिने गार पाणी. आणि आमच्याकडची पौषातली पहाट ज्याने अनुभवली आहे त्याला हा काय प्रकार असतो हे सांगायला नको. आत्या ओझरच्या विघ्नहराला चतुर्थीला नारळ फोडायची. निदान त्या करवंट्यांवर तरी पाणी तापवू द्या म्हणून तिने खूप सांगून पाहिलं. "देवाच्या कामावर मी न्हाणार न्हाई," आतोबांचं उत्तर, "देव काय निवडून आल्याला न्हाई." आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "मंत्र्यानं काम केलं तर माझ्या मालकाला ऊन पाणी. न्हाईतर बसा कुडकुडत."

यातला न्यायाचा भाग असा की काम झाल्यावर ते मंत्र्याच्या कार्यालयात फोन करून धन्यवाद द्यायचे. आमच्या शाळेची खोली झाली तेव्हाचा फोन मी शेजारी बसून ऐकला आहे. पलीकडचे स्वीय सहायक विचारत होते, "काय काम होतं आजोबा?" "काम न्हाई. झालं म्हणून फोन केला." "काय झालं?" "काम झालं." "मग आता काय पाहिजे?" "कायबी न्हाई. साहेबांना धन्यवाद सांगा." मग आणखी एका माणसाकडे फोन गेला, त्यानेही तेच विचारलं, मग तिसऱ्याने नाव-गाव लिहून घेतलं. त्या कार्यालयात तक्रारी घ्यायला माणसं होती, निवेदनं घ्यायला होती, धन्यवाद घ्यायला कुणी नेमलेलंच नव्हतं.

लग्नकार्यात मंत्र्याला प्रश्न विचारायचा नाही, एवढं पथ्य ते पाळायचे. पण पाळायची त्यांची तऱ्हा निराळी होती. भावकीतल्या एका लग्नाला मंत्री आले, आशीर्वाद देऊन झाले, आणि त्यांना घरात जेवायला बसवलं. मोठा पाहुणा म्हणून मासवडी केलेली. वाढायला आतोबा. मासवडी तोंडात गेली रे गेली, हे समोर वाकून म्हणाले, "सावकाश जेवा. बोलायची गरज न्हाई, नुसती मान हलवा. वढ्यावरचा पूल ह्या वर्षी व्हईल?" मंत्र्यांना ठसका लागला, त्यांनी पाण्यासाठी मान हलवली. आतोबांनी तांब्या पुढे केला आणि मागे वळून आम्हाला म्हणाले, "हो म्हणलेत. तिघांनी बघितलंय."

अधिवेशन चालू असलं की त्यांच्या घरी बोलायची चोरी. मोबाइल तांब्याला टेकवून समोर ठेवायचे आणि सभागृहात चाललेल्या प्रश्नोत्तरांत जेवता जेवता भाग घ्यायचे. एखाद्या आमदाराने नेमका प्रश्न विचारला की मांडीवर थाप. मंत्री कागदात बघू लागले की आत्यालाही भाकरी थापणं थांबवावं लागे. आणि शेवटी मंत्री जेव्हा म्हणायचे, "मी माहिती घेऊन सांगतो," तेव्हा आतोबा ताटावरून गरजायचे, "घ्या की! कुणी धरलंय?" हे गावाने इतक्या वेळा ऐकलं की ते गावाचंच झालं. सोसायटीत कारकून म्हणाला की चौकशी करून सांगतो, तर रांगेतून आवाज यायचा. गेल्या वर्षी हरिपाठाला बुवांना एक ओळ आठवेना, तेव्हाही आलाच.

असा हा माणूस एकदा चुकला. मला सांगायची आहे ती मुख्यतः तीच गोष्ट.

आमच्या गावाला जनावरांचा सरकारी दवाखाना मिळावा म्हणून आतोबा फार वर्षं मागे लागले होते. आसपास मेंढरं पुष्कळ, आणि मेंढराला झालेलं दुखणं डॉक्टर शोधायला सवड देत नाही. नारायणगावला न्यायचं तर टेम्पो मिळेपर्यंत खेळ संपतो. शेवटी नारळ फुटला. करवंटीवर आतोबांनी गेरूने मेंढराचं तोंड काढलं. ते चित्र गाढवासारखं दिसतं असं आत्याचं मत होतं. करवंटी चारदाती झाली तेव्हा भिंती उभ्या राहिल्या, छप्पर पडलं, गुलाबी रंग लागला, आणि फाल्गुनात एक दिवस दारावर भला मोठा फलक लागला. कामाचं नाव, मंजूर निधी, झालेला खर्च, मंत्र्यांचा फोटो, आणि खाली ठळक अक्षरात 'काम पूर्ण'. आतोबांनी फलक दोनदा वाचला. घरी आले, करवंटी बंबात घातली, कढत पाण्याने अंघोळ केली, मंत्र्यांच्या कार्यालयाला धन्यवादाचा फोन केला आणि दुसरा फोन भावाला. भाऊ तेव्हा कळप घेऊन लांब होता आणि परतताना वाटेत नारायणगावला पावसाआधीची लस टोचून घ्यायच्या बेतात होता. आतोबा म्हणाले, "कशाला वाट वाकडी करतो? सरळ घरी ये. आपल्या दारात दवाखाना झालाय."

तो आला. दवाखान्याला कुलूप होतं. आज उघडेल, उद्या उघडेल करत चार दिवस गेले, आठ गेले. खिडकीला डोळा लावला तर आत सिमेंटच्या गोण्या. डॉक्टर कोण, तर कुणीच नाही. डॉक्टरचं पदच मंजूर झालेलं नव्हतं. तोवर ज्येष्ठातला कोवळा चारा उगवला, लस न टोचलेल्या मेंढरांनी तो पोटभर खाल्ला, त्याचं पोटात विष झालं, आणि दोन दिवसांत अकरा मेंढरं आडवी झाली. भाऊ तसा फार कमी बोलणारा. तो ओरडला नाही, काही नाही. गोठ्याच्या दारात उभा राहून एवढंच म्हणाला, "दादा, तू म्हणला व्हतास झालाय म्हणून."

त्यानंतर आतोबा बरेच दिवस अधिवेशनही बघेनात. मी गेलो की म्हणायचे, "भाचे, जल्मभर मेंढरं दात बघून घेतली. आन हितं नुसती लोकर बघून घेतली रे मी. दार उघडून बघितलं न्हाई." मी समजूत घालायला गेलो की चूक फलक लावणाऱ्यांची आहे, तर म्हणाले, "त्यांची हायेच. पर माझी बी हाय. ती आधी मिटवली पायजे, त्याबिगर त्यांना कुठल्या तोंडानं इचारू?"

दिवाळीनंतर मंत्री गावात आले. मंदिरापुढच्या सभामंडपाचं भूमिपूजन आणि त्यानंतर लोकांशी संवाद, असा कार्यक्रम. सारा गाव लोटला होता, आणि खरं सांगायचं तर निम्मे लोक आतोबांसाठी आले होते. आतोबा काय करणार, कुठली करवंटी काढणार, पैजा लागलेल्या. नारळ फुटला. आतोबा जागचे हलले नाहीत! डोळ्यांची वाटी तशीच दगडावर पडून राहिली, आणि ते पाहून मंडपात अशी कुजबुज सुटली की मंत्र्यांनी सुद्धा मागे वळून पाहिलं. मग संवाद सुरू झाला. कुणी रस्ता मागितला, कुणी रोहित्र. आतोबा रांगेत होते, हात रिकामे. आत्या बायकांमध्ये पुढून तिसऱ्या ओळीत, पदर दातात धरून.

माइक हातात आला. "साहेब, मी मागाया न्हाई आलो. परत घ्याया आलोय."

"काय परत घ्यायचंय, बाबा?" मंत्री हसून म्हणाले.

"फाल्गुनात मी तुमच्या हापिसात फोन करून धन्यवाद दिलं व्हतं. जनावरांच्या दवाखान्याबद्दल. ते चुकून दिलं गेलं. ते माझं मला परत द्या."

मंडप हसला. मंत्रीही मनापासून हसले. "अहो, दिलेले धन्यवाद कुणी परत मागतं का? राहू द्या आमच्याकडे."

"ऱ्हाऊन कसं चालंल?" आतोबा मुळीच हसत नव्हते. "तुमी म्हणाल काम झालं, लोक खूश हायेत, धन्यवादाचा फोन आलाय. आन हितं कुलूप. साहेब, माझ्या भावाची अकरा मेंढरं गेली. ती मी तुमच्यावर घालत न्हाई. मी भिंत बघितली, रंग बघितला, आन त्याला म्हणलं ये. ती चूक माझी, गावासमोर कबूल. आता ज्यानं फलकावर 'काम पूर्ण' लिवलं त्याची चूक कुणाची, तेवढं सांगा. मी खाली उतरतो."

हसू एकदम थांबलं. मंत्र्यांनी शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहिलं, अधिकाऱ्याने फायलीकडे, आणि फाईल काही बोलेना. मंत्री माइकपाशी वाकले. "मी याची माहिती घेऊन सांगतो."

आणि मागून, खांबाला टेकून उभा असलेला आतोबांचा भाऊ, जो सभेत कधी तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "घ्या की."

मग बायकांतून आत्याचा आवाज, "घ्या की! कुणी धरलंय?" आणि मग सगळा मंडप, म्हातारेकोतारे, सोसायटीचा तो कारकून, टाळकरी, "घ्या की! कुणी धरलंय?" माझ्यासारखा पुस्तकात मान घालून बसणारा माणूस खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, हे मला दुसऱ्या दिवशी आवाज बसल्यावर कळलं.

दवाखाना मंदिरापासून हाकेच्या अंतरावर. मंत्री चालत निघाले, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. चावी ठेकेदाराच्या माणसाकडे, माणूस आळेफाट्याला. स्वीय सहायक सारखे घड्याळ बघू लागले, तेव्हा आतोबा म्हणाले, "पुढचा कार्यक्रम ऱ्हाऊ द्या राव, तितं बी नारळच असंल." अर्ध्या तासाने चावी आली, कुलूप उघडलं. आत कबुतरं, गोण्या, आणि प्लास्टिकच्या वेष्टनातून अजून न निघालेलं एक टेबल. मंत्र्यांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहत राहिले.

"डॉक्टरच्या पदाचं काय?"

अधिकारी म्हणाले, "प्रस्तावित आहे, साहेब."

आतोबांनी तोंड उघडलं होतं. मंत्र्यांनी हात वर केला. "थांबा बाबा. हे मला विचारू द्या." आणि अधिकाऱ्याकडे वळून, "कधीपासून?"

त्या एका 'कधीपासून'साठी आतोबा इतकी वर्षं गार पाण्याने अंघोळ करत होते, असं मला वाटतं. अधिकाऱ्यांनी काय उत्तर दिलं ते गर्दीत ऐकू आलं नाही. मंत्री मात्र दारात येऊन म्हणाले, "एका महिन्यात इथे डॉक्टर बसेल."

"रोज, का आठवड्यातनं एक डाव?"

"रोज."

"मागच्यांना ऐकाया आलं न्हाई."

"रोज!" मंत्री ओरडले, आणि मग स्वतःच हसले. गाडीत बसताना त्यांनी विचारलं, "मग आमचे धन्यवाद?" आतोबा म्हणाले, "सध्याला माझ्याकडं हायेत. दार उघडं ऱ्हातंय का बघतो."

महिन्याचे दोन महिने झाले. आतोबांचा रोज सकाळी फोन. इतके फोन झाले की स्वीय सहायक त्यांना कांद्याचा भाव विचारायला लागले. पौषात डॉक्टर आल्या, एक तरुण बाई. आल्याच्या दुसऱ्या दिवशी सहायकांनी उलटा फोन केला, "आतोबा, आता तरी द्या की." आतोबा म्हणाले, "एक पावसाळा जाऊ द्या. मेंढराचं खरं काय ते पावसाळ्यात कळतं. एकदा घाई केली, ती पुरं झाली."

चैत्रात भाऊ कळप घेऊन नेहमीपेक्षा लवकर परतला आणि सगळ्या मेंढरांना त्याच दवाखान्यात लस दिली. ते काम दिवसभर चाललं. आतोबा उंबऱ्यावर बसून होते, एक पाय आत, एक बाहेर. भाऊ म्हणाला, "दादा, जा घरी. दोन घास खाऊन ये." आतोबा म्हणाले, "आन मी उठल्यावर दार लावलं तर?" भाकरी आत्यानेच तिथे आणून दिली. दोघे भाऊ एका फडक्यावर जेवले. ज्येष्ठानंतर ते पहिल्यांदा एकत्र जेवत होते, हे आत्याने मला मागाहून सांगितलं.

वैशाखात, कांदा वखारीत भरून झाल्यावर, आतोबा वखारीच्या सावलीत टेकले ते उठले नाहीत. पाऊस यायला अजून अवकाश होता, धन्यवाद द्यायचे राहिले होते.

आता पाऊस आहे. आत्याकडे जायचं म्हणून मी आठवड्यातून एकदा तरी गावी जातो, वार न ठरवता. आणि तिच्याकडे जायच्या आधी वाट जराशी वाकडी करून दवाखान्यापाशी थांबतो. परवा गेलो तेव्हा डॉक्टरबाई एका शेळीचा खूर साफ करत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "तुमचं जनावर कुठंय?"

"जनावर नाही. उघडं आहे का, बघायला आलो."

त्यांनी हात धुतले, स्टुलावरचं रजिस्टर उचलून बाजूला ठेवलं, आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "रोज उघडं असतं हो," त्या हळू म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि दाराशी बसून राहिलो. बाहेर सर येत होती, जात होती. भाद्रपद अजून अर्धा जायचा होता.